छपराची फट आणि धुरकट काचा: १:२४ ईव्हेंटर किटच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

जॅग्वार एक्सजे-एसच्या मॉडेलची लिंक्स ईव्हेंटर करणाऱ्या आमच्या १:२४ रूपांतर किटला तुम्ही दोन तारे दिलेत. ईव्हेंटर म्हणजे लिंक्स कंपनीने एक्सजे-एस या दोन दारांच्या कूपेवरून बनवलेली इस्टेट, टप मागपर्यंत नेलेली गाडी. तक्रारी पाच आहेत: रेझिनचं छप्पर वाकडं आलं, बसवल्यावर मागे दीड मिलिमीटरची फट राहिली, बाजूच्या काचा धुरकटल्या, रंगात बारीक गोल खड्डे पडले, आणि इस्टेट असूनही गाडी लांब दिसत नाही. तुम्ही फोटो जवळून आणि भरपूर उजेडात काढलेत, त्यामुळे उत्तर मोघम द्यावं लागत नाही. छप्पर आणि काचा या दोन चुका पूर्णपणे आमच्या. फटीत आमचा वाटा निम्मा. उरलेल्या दोन तक्रारींबद्दल आमचं मत वेगळं आहे, ते कारणासकट खाली लिहिलं आहे.

आधी छप्पर. ते डब्यात मोकळं ठेवलं होतं, खाली आधार नव्हता. पॉलियुरेथेन रेझिनचा पातळ भाग उन्हात किंवा उबेत तसाच पडून राहिला की स्वतःच्या वजनाने वाकतो. आता आम्ही आत फोमचा ठोकळा घालतो. तुमच्याकडचं छप्पर मात्र फेकू नका. साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाऊण मिनिट बुडवा, सपाट काचेवर दाबून धरा आणि तसंच गार पाण्याखाली न्या. उकळतं पाणी वापरू नका, खिडक्यांचे खांब चिमटल्यासारखे होतात. काचेवर ठेवून चारही कोपऱ्यांखाली कागद सरकवून पाहा. कुठे सरकला तर तीच कृती पुन्हा.

आता फट. छप्पर आखूड असतं तर फट सगळीकडे सारख्या रुंदीची असती. तुमच्या दुसऱ्या फोटोत ती पुढे शून्य आणि मागे दीड मिलिमीटर आहे, म्हणजे पाचरीसारखी. याचा अर्थ छप्पर कमी पडलं नाही, खालची बॉडी फाकली. हासेगावा या जपानी मॉडेल कंपनीच्या कूपेची मूळ बॉडी एकसंध असते आणि तिच्या दोन बाजूंना धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे टप. टप कापला की त्या बाजू मोकळ्या होतात आणि मागच्या चाकांच्या वर सर्वांत जास्त फाकतात. खात्री करायची असेल तर मागच्या चाकांच्या कमानी दोन बोटांनी हलक्या आत दाबा. फट मिटली तर निदान बरोबर.

आमच्या पत्रकात याबद्दल "कापण्यापूर्वी आधार द्यावा" एवढी एकच ओळ होती. ती पुरेशी नव्हती. सविस्तर असं: करवत लावण्याआधी व्हर्नियरने (बारीक माप घेण्याच्या साधनाने) बॉडीची रुंदी दारांच्या मागच्या कडेला आणि मागच्या कमानींवर मोजा. आकडे मास्किंग टेपवर लिहून ती टेप बॉनेटवर चिकटवा. मग ३ × ३ मिमीच्या पॉलिस्टायरीन (मूळ बॉडीचंच प्लॅस्टिक) पट्ट्या याच दोन जागी आडव्या चिकटवा, खिडकीच्या कडेच्या ४ मिमी खाली. सिमेंट रात्रभर वाळू द्या आणि त्यानंतरच कापा. पुढचा काप विंडस्क्रीनच्या चौकटीमागे २ मिमी सोडून घ्यायचा. खांबातून कापू नका, तिथला सांधा कधीच नीट लपत नाही.

दुसरी अडचण गोंदाची. सांध्यावर प्लॅस्टिक सिमेंट वापरल्याचं तुम्ही लिहिलंय. ते पॉलिस्टायरीन विरघळवून जोडतं, रेझिनवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. सांधा आज धरल्यासारखा वाटला तरी काही आठवड्यांनी रंगातून केसासारखी चीर वर येते. म्हणून हा सांधा सोडवाच. आतून ०.५ मिमी जाड आणि ६ मिमी रुंद पट्टी घ्या. तिची ३ मिमी रुंदी मूळ बॉडीला प्लॅस्टिक सिमेंटने लावा आणि बाहेर राहिलेल्या ३ मिमीवर रेझिनचं छप्पर हळू वाळणाऱ्या एपॉक्सीने बसवा. पाच मिनिटांत वाळणारं एपॉक्सी नको, कारण छप्पर सरळ बसवायला तेवढा वेळ पुरत नाही. चोवीस तासांनी आडव्या पट्ट्या कापून काढा. उरलेली रेघ दोन घटकांच्या पॉलिएस्टर पुट्टीने भरा. ट्यूबमधली साधी पुट्टी वाळताना आकसते आणि चकचकीत रंगाखाली सांध्याची रेघ पुन्हा दिसू लागते.

फटीचं आणखी एक कारण असू शकतं, ते इतरांसाठी लिहितो. मूळ केबिनची मागची भिंत पूर्ण कापली नाही तर सामानाचा नवा तळ वर राहतो आणि छपराला खालून उचलतो. तुमच्या तिसऱ्या फोटोत ती भिंत व्यवस्थित कापलेली आहे.

काचांबद्दल मनापासून माफी. पत्रकात "सर्व भाग सुपरग्लूने" असं छापलं गेलं, ते काचांसाठी चुकीचं आहे. सुपरग्लू वाळताना त्याची वाफ जवळच्या पारदर्शक प्लॅस्टिकवर बसते आणि पांढरा थर धरते. बंद केबिनमध्ये वाफ कोंडते, म्हणून तुमच्या काचा आतून जास्त धुरकट आहेत. व्हॅक्यूमवर ओढलेल्या (पातळ पारदर्शक प्लॅस्टिकच्या) काचांचा नवा संच पाठवत आहोत. त्या नव्या पात्याने, दाब न देता, दोन-तीन फेऱ्यांत कापा आणि पांढऱ्या गोंदाने बसवा. हा गोंद वाळल्यावर पारदर्शक होतो आणि चुकून बाहेर आला तर ओल्या कापसाने निघतो.

रंगातले खड्डे फक्त छपरावर आहेत, खालच्या बॉडीवर एकही नाही. त्यावरूनच कारण कळतं: साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या सिलिकॉनचा अंश छपरावर राहिला होता आणि रंग त्याच्यापासून मागे सरकला. धुण्याची सूचना पत्रकाच्या पहिल्याच पानावर आहे, पण नुसत्या पाण्याने हे निघत नाही. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ टूथब्रश, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा, आणि त्यानंतर छपराला उघड्या बोटाने हात नाही. आता खड्ड्यांवर आणखी रंग मारू नका, ते भरत नाहीत. छपराचा रंग १००० नंबरच्या ओल्या पॉलिशपेपरने प्रायमरपर्यंत उतरवा, वरच्यासारखं धुवा आणि पुन्हा प्रायमरपासून सुरू करा. रेझिनची धूळ फुप्फुसांना वाईट, म्हणून ओलंच घासा आणि मास्क लावा.

मापं मात्र बरोबर आहेत. लिंक्सने ईव्हेंटर करताना गाडी ताणली नव्हती. एक्सजे-एसचा व्हीलबेस २५९१ मिमी, १:२४ मध्ये १०८ मिमी. तुमच्या मॉडेलवर चाकांच्या मध्यांमधलं अंतर मोजलंत तर तेवढंच भरेल. बदल झाला तो वरच्या भागात: डिकीवर उतरणारे दोन्ही बाजूंचे निमुळते पंख काढले, टप मागच्या टोकापर्यंत नेला आणि सपाट तळासाठी मागच्या सीटच्या पाठची पेट्रोलची टाकी हलवली. १९८२ ते २००२ या काळात अशा फक्त ६७ गाड्या झाल्या. नाक लांब आणि शेपूट आखूड, हेच या गाडीचं सौंदर्य आहे. छप्पर ५ मिमीने वाढवलं असतं तर मॉडेल ईव्हेंटरचं राहिलं नसतं.

जाता जाता तुम्ही आमच्या फेरारी डेटोना शूटिंग ब्रेकच्या (दोन दारांच्या इस्टेटच्या) किटवरही लिहिलंय, की मागे डिकीच्या दाराची रेघच कोरलेली नाही. खऱ्या गाडीलाही ते दार नाही. पँथर वेस्टविंड्स या ब्रिटिश कंपनीने १९७५ मध्ये ती एकच गाडी बनवली आणि सामान ठेवायला तिच्या बाजूच्या मोठ्या काचा वर उघडतात. किटमध्ये त्या काचा वेगळ्या दिल्या आहेत, हव्या तर उघड्या बसवता येतात.

काचांसोबत नवं छप्पर, पॉलिस्टायरीन पट्ट्या आणि सुधारलेलं पत्रक विनामूल्य पाठवत आहोत. जुन्या छपरावर आधी गरम पाण्याचा आणि एपॉक्सीचा सराव करून घ्या. नवं छप्पर चिकटवण्यापूर्वी ते नुसतं वर ठेवून मागून एक फोटो पाठवा, शेजारी मोजपट्टी ठेवून. फट उरली असेल तर ती एपॉक्सी लावण्याआधीच काढता येईल.