टीव्हीसाठी नाट्यपद निवडावं तर असं!

तुमच्या गावात नाटकाचं मंडळ असेल आणि एखाद्या चॅनेलची गाडी 'झाडीपट्टीची झलक' टिपायला येणार असेल, तर अजिबात घाबरू नका. कोणतं पद द्यावं यावर आपण उगाच रात्र-रात्र खल करतो. काही गरज नसते. आमच्या गावात, पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत, वडसा-देसाईगंजच्या अलीकडे, हा सोहळा नुकताच पार पडला. मी ऑर्गनवर बसतो, म्हणजे त्या दिवशीही बसणार होतो. तेव्हा चार अनुभवाच्या गोष्टी सांगतो, तुमच्या कामी येतील.

पद निवडताना आधी नाटक विसरा. कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगात म्हणतं, या भानगडीत टीव्ही पडत नाही. नवरा सोडून गेलेली बाई रडत गाते ते पद असलं तरी चालेल, फक्त तिला हसत गायला सांगा. कॅमेऱ्यात हसरा चेहरा उठून दिसतो.

नांदी, म्हणजे सुरुवातीची प्रार्थना, बाद. 'शाकुंतल'चा पडदा १८८० साली नांदीनं उघडला असेल. आता तेवढ्या वेळात माणूस रिमोट उचलतो.

मागे लेझीमवाली पोरं पाहिजेतच. नाटकात लेझीम नाही? मग लेखकाचं चुकलं.

सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंना जे पद येतं, तेच सगळ्यात चांगलं समजावं. ते बहुतेक वेळा 'कट्यार'मधलं निघतं. आता ते नाटक १९६७ चं, पण ताईंच्या लेखी ते जन्माला आलं २०१५ साली, सिनेमाच्या थेटरात. मी म्हटलं, ताई, मूळ नाटकात खाँसाहेबांची भूमिका करणारे वसंतराव देशपांडे जन्मले मूर्तिजापुरात, म्हणजे आपल्या विदर्भातच. तर ताई म्हणाल्या, "वॉव, ते आज येणार आहेत का?" मी ऑर्गनचा भाता तपासायला लागलो.

वेळेचं म्हणाल तर नव्वद सेकंद मिळतात. आमच्याकडे मैफलीत रंगलेलं पद वन्समोर धरून वीस मिनिटं चालतं आणि लोक ब्लँकेट गुंडाळून बसल्या जागी माना डोलवतात. नव्वद सेकंदांत आलाप आणि मुखडा होतो, अंतऱ्याच्या दारात गाडी थांबते. म्हणून आलाप कापा. मुखडा एकदाच घ्या. तान घेऊ नका, तानेत तोंड वाकडं दिसतं.

आणि पद रात्रीचं असेल तर ते दुपारी बाराला गावं. आमच्याकडे नाटक रात्री दहानंतर उभं राहतं आणि कोंबडा आरवेस्तोवर चालतं. दोन वाजताच्या थंडीत मालकंस कसा लागतो, हे ज्यानं ऐकलं त्यालाच कळतं. पण कॅमेऱ्याला ऊन लागतं. सबब आमच्या गाणाऱ्या बाईंना पैठणी नेसवून, धान कापलेल्या बांधीत, धसकटांत अनवाणी उभं करण्यात आलं. "नॅचरल वाटेल," असं चॅनेलचे साहेब म्हणाले. त्यांच्या पायांत बूट होते.

आता मुख्य मुद्दा. पद शक्यतो मेलेल्या माणसाचंच निवडा.

हे मी गमतीनं सांगत नाही, साहेबांनीच सांगितलं. बाईंनी आधी जे पद सुचवलं ते आमच्या झाडीतल्याच लेखकाचं होतं. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री त्याच पदाला हमखास वन्समोर पडतो. मायलेकीच्या निरोपाचं पद आहे, बाया पदरानं डोळे पुसतात, आणि पुढच्या रांगेतले पोट्टेही शिट्टी मारायचं विसरतात. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "यूट्यूबवर आहे का?" नाही म्हटलं. दुसरा प्रश्न, "राइट्सचं काय?" आता कायदा मलाही थोडा कळतो. लेखक गेल्यानंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. किर्लोस्कर १८८५ साली गेले, खाडिलकर १९४८ साली, त्यामुळे 'सौभद्र' मोकळं, 'मानापमान'ही मोकळं. कोणाला विचारायला नको, कोणाला पैसे द्यायला नको. आमचा लेखक मात्र जिवंत आहे, ही त्याची मोठीच अडचण. तो त्या वेळी दोन शेतं पलीकडे चुरणं, म्हणजे धानाची मळणी, करत होता. मी म्हटलं, साहेब, पोराला सायकलवर पाठवतो, अर्ध्या तासात सही आणतो. एक कागद, एक सही, कार्यक्रमात खाली त्याचं नाव. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "काका, लेटर लीगलला पाठवावं लागतं. तुम्ही काहीतरी जुनं घ्या ना." आमचे मंडळाचे अध्यक्ष लगेच, "साहेब म्हनतात तसं होऊ द्या गा, आपल्या गावाचं नाव येऊन राह्यलं टीव्हीवर!"

गावाचं नाव! आपल्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा गावोगावी फटाके फोडले आपण. ती पद्मश्री काय यूट्यूबवरच्या पदांवर मिळाली का? दिवाळीपासून होळीपर्यंत शेकडो नाइट, म्हणजे रात्रीचे प्रयोग, होतात इथे. नवं नाटक, नवं पद, तेही दर हंगामाला. लिहिणारा शेतात, गाणारी बाई घरात स्वयंपाक करून संध्याकाळी गाडीत बसते, प्रॉम्प्टर पुढच्या खड्ड्यात बसून रात्रभर घसा फोडतो. हे सगळं चालतं कारण लिहिणारा जिवंत आहे. आणि झलक दाखवायला पाहिजे कोणतं पद? पुण्या-मुंबईत शंभर वर्षं गाजलेलं.

शेवटी ऑर्गन. तो फ्रेममध्ये "हेवी" दिसतो म्हणून उचलून बैलगाडीमागे ठेवला. आकाशवाणीनं १९४० साली पेटीला, ऑर्गनच्याच भावंडाला, बंदी घातली होती, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. पण निदान त्यावर वाद झाले, लेख लिहिले गेले. इथे दोन पोरांनी उचलला आणि नेला. बाईंना मोबाईलवरच्या तयार ट्रॅकवर ओठ हलवायला लावले, आवाजही त्या ट्रॅकवरचाच, दुसऱ्याच कोणाचा. वीस वर्षं गळ्यावर घर चालवणाऱ्या बाईला मुकी करून उभं केलं आणि आपल्या मंडळानं टाळ्या वाजवल्या.

तर अध्यक्ष साहेब, आता सरळच बोलतो. चॅनेलवाल्यांना मी फार दोष देत नाही, ते मुंबईहून येतात आणि जातात. तुम्ही इथलेच. तुम्ही त्या पदाला स्वतः वन्समोर दिला आहे, पुढच्या रांगेत बसून, मी ऑर्गनवरून पाहिलंय. तेव्हा तोंड उघडायला काय झालं होतं? एक वाक्य पुरलं असतं: हेच पद घ्यायचं असेल तर घ्या, नाहीतर गाडी वळवा. त्यांना पर्याय नव्हता, दिवस बुडाला असता त्यांचा. तुम्ही पोराला सायकलवरून उतरवलंत, साहेबांसाठी झुणका-भाकरीची ऑर्डर सोडलीत आणि फोटोत मधोमध उभे राहिलात.

आणि शूटिंगसाठी बाईंनी त्या रात्रीची नाइट सोडली होती, तुमच्या सांगण्यावरून. तिचे पैसे चॅनेलनं दिले नाहीत, मंडळानंही दिले नाहीत. स्टेटसवरचा फोटो काढा आणि आधी ते पैसे तिच्या घरी नेऊन द्या.