गाडीचा विमा काढलाय ना? मग आता तो वापरू नका

सगळ्यात आधी अभिनंदन. तुमच्या गाडीची किंमत यंदा परत घटली आणि प्रीमियम परत वाढला, म्हणजे सगळं एकदम नियमात चाललंय. काही लोक उगाच रिन्यूअलचा मेसेज बघून तापतात, गेल्या वर्षीची पॉलिसी शोधून काढतात, दोन्ही शेजारी शेजारी ठेवतात आणि मग घरच्यांना विचारत बसतात की गाडी तीच, चालवणारा मीच, एक ओरखडासुद्धा नाही, मग हे असं कसं काय. तुम्ही असलं काही करू नका. जुनी पॉलिसी सापडलीच तरी उघडू नका, बीपीला चांगलं नसतं.

तुम्हाला आदर्श विमाधारक व्हायचंय ना, मग पहिला धडा आयडीव्हीचा. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार चेचली तर कंपनी जास्तीत जास्त किती देणार तो आकडा. शोरूमबाहेर गाडीला हार घालून तुम्ही पेढे वाटत असता तेव्हाच त्यातले ५ टक्के गेलेले असतात, सहा महिन्यांनंतर १५, दुसऱ्या वर्षात २०, मग ३०, मग ४०, आणि पाचव्या वर्षात थेट ५० टक्के. म्हणजे कंपनीची जबाबदारी दरवर्षी हलकी होत जाते. तुमची होत नाही, कारण गाडी म्हातारी झाली की तिची जोखीम वाढते असं सांगतात. ह्याला कोणी विरोधाभास म्हणेल, पण तुम्ही म्हणू नका. फोनवरच्या मुलीला अजिबात म्हणू नका, ती बिचारी स्क्रीनवरचं वाचतेय, तिच्याकडे ह्या प्रश्नाला "सर मी तुमची क्वेरी नोट केली आहे" एवढंच उत्तर असतं.

चौथ्या वर्षी जो दणका बसतो त्याचं तर आधीच मनाला सांगून ठेवा. सप्टेंबर २०१८ पासून नवी कार घेताना थर्ड पार्टी (टीपी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं काही नुकसान केलं तर त्याचा विमा) तीन वर्षांची एकदमच भरावी लागते, ती ऑन रोड किमतीत कुठेतरी बुडून गेलेली असते, त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी तुम्ही फक्त ओडी (ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग) भरता आणि चार लोकात सांगता की आपला इन्शुरन्स फार स्वस्तात होतो बाबा. मग चौथ्या वर्षी टीपी परत बिलात येऊन बसते. जून २०२२ ला लागू झालेल्या दराने हजार सीसीपर्यंत २,०९४, दीड हजारापर्यंत ३,४१६ आणि त्याच्या वर ७,८९७, शिवाय वर जीएसटी. तेव्हा एजंटला शिव्या घालायच्या नाहीत, त्याने त्या दोन वर्षांत हे सांगितलं नाही कारण तुम्ही खुश होता आणि खुश माणसाला कशाला त्रास द्यायचा.

(टीपीचा मला खरंतर राग नाही, हे उपरोधाने बोलत नाहीये. तुमच्या गाडीखाली कोणी गेलं तर त्या घराला मिळणाऱ्या भरपाईला मर्यादा नाही, ती रक्कम कितीही होऊ शकते, आणि कोर्टात ती तुमच्यावतीने कंपनी भरते. अख्ख्या पॉलिसीत मला पटणारे पैसे तेवढेच. बाकीच्यांबद्दल आपण बोलतोय.)

जीएसटीवरून आठवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी शून्य झाला तेव्हा अनेकांनी आनंदाच्या भरात गाडीचं रिन्यूअल थांबवून ठेवलं होतं म्हणे. गाडीला १८ टक्केच राहिला. बरोबरच आहे, माणसाचं आरोग्य ही गरज आणि गाडी ही चैन, मग भले गाडीचा विमा नसणं हा कायद्याने गुन्हा असो, पहिल्यांदा सापडलात तर दोन हजार किंवा तीन महिने किंवा दोन्ही, परत सापडलात तर चार हजार. सक्तीची चैन. असली चैन आपल्यालाच करायला मिळते.

आता ॲड-ऑन, म्हणजे वर पैसे देऊन घ्यायची जादा कव्हरं. ऑनलाईन रिन्यू करायला गेलात की दिसेल, काही चौकोनांत आधीच टिक केलेली असते. ती काढू नका, कोणीतरी प्रेमाने केलेली आहे. चावी हरवली तर कव्हर, टायर फुटला तर कव्हर, गाडीतली बॅग गेली तर कव्हर, नट-बोल्ट-ऑइलचं वेगळं कव्हर. आणि झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, तर हवंच, कारण ते नसेल तर बंपरसारख्या प्लॅस्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात. आजच्या गाडीत प्लॅस्टिक नसलेलं काय आहे हे मला कोणी दाखवावं. झिरो डेप घेतलंत की तुम्ही सुरक्षित, म्हणजे साधारण गाडी पाच वर्षांची होईपर्यंत, त्यानंतर बऱ्याच कंपन्या ते देतच नाहीत, देतात त्या असा भाव लावतात की माणूस आपणहून नको म्हणतो. गाडीला जेव्हा खरी गरज लागायला लागते तेव्हाच हे कव्हर संपतं, त्यामागे काहीतरी खोल विचार असणार.

पण खरा आदर्श विमाधारक ओळखायचा तो एनसीबीवरून. नो क्लेम बोनस. वर्षभर क्लेम टाकला नाही तर ओडीत २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. हा ५० टक्केवाला माणूस बघा कधीतरी, त्याची चालच वेगळी असते. पैठणीसारखा विमा कपाटात ठेवलेला असतो त्याने, डांबरगोळ्या घालून, नेसायचा प्रश्नच नाही.

समजा अशा माणसाला पुण्यात नवले पुलाच्या उतारावर मागून कोणीतरी ठोकलं. (कोणीतरी ठोकतंच तिथे.) बंपर गेला, सहा हजारांचा. झिरो डेप संपलेलं, त्यामुळे निम्मा घसारा, उरले तीन हजार, त्यातून सक्तीचे कापायचे एक हजार, हातात दोन हजार. आता एनसीबी शून्य होणार. ओडी प्रीमियम सूट न धरता नऊ हजार आहे आणि पुढे तेवढाच राहील असं धरा, म्हणजे तसा राहणार नाही पण धरा, तर पुढच्या वर्षी साडेचार हजार जास्त, मग २,७००, मग २,२५०, मग १,३५०, मग ४५० आणि मग कुठे तो परत ५० टक्क्यांवर पोचणार. झाले ११,२५०. दोन हजार मिळवायला सव्वाअकरा हजार. वर जीएसटी आहेच. त्यामुळे हुशार माणूस काय करतो तर बंपर गुपचूप ओळखीच्या डेन्टिंग-पेंटिंगवाल्याकडे टाकतो, स्वतःच्या खिशातून पैसे देतो, आणि संध्याकाळी कंपनीचा प्रीमियम भरल्याबद्दल धन्यवादचा मेसेज येतो तो वाचून झोपतो. अपघातापासून विमा आपल्याला वाचवतो असं जाहिरातीत सांगतात, इथे आपण विम्याला अपघातापासून वाचवत असतो. आणि एनसीबी वाचवायचा असेल तर त्याचंसुद्धा एक ॲड-ऑन मिळतं. पैसे वाचवायचे पैसे. घ्या.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात सांगतो. मुंबईत हिंदमाता, अंधेरी सबवे, किंवा पुण्यात २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडला एकतानगरीत पार्किंगमध्ये गाड्या बुडाल्या तसं काही झालं, तर पूर हा पॉलिसीत आहे, काळजी नको. फक्त पाण्यात बंद पडलेली गाडी तुम्ही चावी फिरवून चालू करायचा प्रयत्न केलात आणि इंजिनात पाणी गेलं, तर ते पुरामुळे नाही, ते तुमच्यामुळे, त्याला इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं. म्हणजे गुडघाभर पाणी, मागे हॉर्न, सीटवर रडणारं पोर, आणि तुम्ही शांतपणे हात मांडीवर ठेवून बसायचं. सर्व्हेअर नंतर अगदी गोड आवाजात विचारेल, "मग सर, एकदातरी सेल्फ मारून बघितला असेलच ना?" हो म्हणू नका एवढंच सुचवतो, अर्थात खोटं बोला असं मी सुचवत नाहीये, सेल्फच मारू नका.

आता पॉलिसी रद्द होण्याबद्दल. इथे लोक फार घाबरतात, उगाच. जून २०२४ च्या इर्डाच्या (विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) मास्टर सर्क्युलरप्रमाणे तुम्ही कारण न देता कधीही पॉलिसी रद्द करू शकता आणि क्लेम टाकलेला नसेल तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतात, कंपनीला मात्र फक्त फसवणूक सिद्ध झाली तरच रद्द करता येते आणि तीही किमान सात दिवसांची नोटीस देऊन. बघा किती ग्राहकाच्या बाजूचं. त्यामुळे कंपनी पॉलिसी रद्द करतच नाही. कंपनी फक्त "प्रपोजल डिक्लाईन" करते, म्हणजे पॉलिसी द्यायलाच नाही म्हणते. फरक समजून घ्या. तुमची पॉलिसी दोन दिवस उशिराने संपली, म्हणजे संपलेली लक्षात यायला दोन दिवस उशीर झाला, तर ब्रेक-इन इन्स्पेक्शन, म्हणजे खंड पडल्यावरची गाडीची तपासणी, लागतं, मग तुम्ही भर उन्हात मोबाईल हातात धरून गाडीभोवती प्रदक्षिणा घालत व्हिडिओ काढायचा, चारी बाजू, काच, ओडोमीटर, चासी नंबर, ॲप मध्येच बंद पडलं की परत पहिल्यापासून, पैसे आधीच कापलेले, आणि मग संध्याकाळी एसएमएस येतो की इन्स्पेक्शन नॉट रेकमेंडेड, रिफंड सात ते दहा दिवसांत. का? ते कोणी सांगत नाही. गाडी बारा वर्षांची आहे हे कारण असेल का असं विचाराल तर असू शकतं, नसूही शकतं. तुम्ही नऊ हजार देऊन बिनविम्याचे, आणि चौकात मामा उभे. टीपी तेवढी कोणीही नाकारू शकत नाही, ती घ्या आणि बाकीचं देवावर सोडा, देव क्लेमला सर्व्हेअर पाठवत नाही.

अजून एक रद्द व्हायची रीत म्हणजे चेक. प्रीमियम हातात पडल्याशिवाय जोखीम नाही असं १९३८ च्या विमा कायद्यातलं ६४ व्हीबी कलम सांगतं, त्यामुळे चेक बाऊन्स झाला की तुम्ही जो पीडीएफ वर्षभर फोनमध्ये जपून ठेवलाय तो फक्त पीडीएफ. चेक हल्ली कोण देतं म्हणाल, तर अहो एजंटकाका घेतात. काकांना नावं ठेवू नका, काकांनीच तर तुमच्या नकळत गेल्या वर्षीच्या क्लेमचा उल्लेख गाळून एनसीबीची टिक मारली आणि तुम्हाला दोन हजार वाचवून दिले. जुन्या मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे सगळ्या कंपन्यांना एकच असलेल्या दर आणि नियमांच्या पुस्तकात, नव्या कंपनीने एकवीस दिवसांत जुन्या कंपनीला पत्र लिहून हे पडताळायचं असं होतं. पण गिऱ्हाईकावर पहिल्याच दिवशी संशय घेणं बरं दिसतं का? त्यापेक्षा तुम्ही क्लेम टाकाल त्या दिवशी विचारलेलं बरं. तेव्हा उत्तर अर्ध्या तासात येतं.

आणि हो, प्रीमियम फारच झाला असं वाटलं तर एक सोपा उपाय आहे, काकाच सांगतील, "आयडीव्ही जरा खाली आणू." लगेच हजार बाराशे कमी होतात. गाडीचं दुरुस्तीचं बिल आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेलं की टोटल लॉस धरतात, आणि मग मिळतो तो हाच खाली आणलेला आकडा, पण तेव्हाचं तेव्हा. काही जण गाडीचं पासिंग साताऱ्याचं घेतात कारण टॅरिफमध्ये मुंबई आणि पुणे झोन ए आणि साताऱ्यासारखी गावं झोन बी, त्यात नव्या छोट्या गाडीला पाच लाखांच्या आयडीव्हीमागे सगळा मिळून साडेचारशे रुपयांच्या आतला फरक आहे, आणि २००७ पासून कंपन्या ओडीचा भाव आपापलाच लावतात, पण कष्टाचं समाधान वेगळं असतं.

शेवटी, आदर्श विमाधारकाने काय करू नये ते सांगतो. क्लेम नाकारला किंवा अर्धाच पास झाला तर लेखी कारण मागू नये. कंपनीच्या तक्रार विभागाला मेल टाकून पोच जपून ठेवू नये. तीस दिवस झाले आणि उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर इर्डाच्या बीमा भरोसा या तक्रारींच्या पोर्टलवर जाऊ नये, आणि विमा लोकपालाकडे तर बिलकुल जाऊ नये, त्यांचं कार्यालय मुंबईतही आहे आणि पुण्यातही, फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचा निकाल देतात आणि तो कंपनीला पाळावा लागतो. असल्या ठिकाणी शहाणी माणसं जात नाहीत. तुम्हीपण जाणार नाहीच म्हणा, अडकलेत दोन-तीन हजार, त्यासाठी अर्धी रजा टाकून कागदांच्या झेरॉक्स कोण काढत बसणार, आणि क्लेम नाकारायची सही करणाऱ्याने हा हिशोब तुमच्या आधी केलेला असतो.