हवा येते म्हणजे आयन येतात असं नाही

नमस्कार सर,

"हिरवा दिवा लागलाय, हवा येतेय, मग आयनायझर ब्लोअरची दर तीन महिन्यांनी टेस्ट कशाला? ही सगळी ऑडिटवाल्यांची सोय," असं तुम्ही लिहिलंत. चार्ज्ड प्लेट मॉनिटर (ब्लोअरसमोर चार्ज केलेली प्लेट ठेवून तिचा चार्ज किती सेकंदात उतरतो ते मोजणारं यंत्र) लहान युनिटला परवडत नाही, हेही लिहिलंत. किमतीचं मला पटतं. पहिलं अजिबात पटत नाही.

आयनायझर ब्लोअरचं काम म्हणजे धन आणि उणे आयन, म्हणजे चार्ज असलेले हवेचे कण, सोडून टेबलावरच्या इलेक्ट्रॉनिक मालावरचा स्थिर चार्ज घालवणं. हे आयन तयार होतात आतल्या सुयांच्या टोकाशी, हाय व्होल्टेजमुळे. पंखा ते फक्त पुढे ढकलतो. सुया निकामी झाल्या तरी पंखा आपला फिरतच राहतो, आणि ऑपरेटरला वाटतं सगळं ठीक चाललंय.

आमच्या लाइनवरचं एक टेबल सांगतो. ब्लोअरसमोर ३० सेंमीवर प्लेट ठेवली, चार्ज्ड प्लेट मॉनिटरची नेहमीची, १५ बाय १५ सेंमीची, २० पिकोफॅरड क्षमतेची. +१००० व्होल्टवरून +१०० वर यायला २.६ सेकंद लागले. छान. मग −१००० दिले. आकडा सुरुवातीला भराभर उतरला, नंतर रेंगाळायला लागला. −१०० पर्यंत यायला ९ सेकंद. प्लेट अर्थ करून शून्यावर आणली आणि तशीच हवेत सोडली, तर ती −६८ व्होल्टवर जाऊन बसली. यालाच ऑफसेट म्हणतात, आणि स्थिर चार्जपासून माल जपण्याच्या एएनएसआय/ईएसडी एस २०.२० या मानकात त्याची मर्यादा ±३५ व्होल्ट आहे. म्हणजे धन आयन कमी पडत होते. जाळी उघडली तर सुयांच्या टोकांवर बुरशीसारखा पांढरट थर. आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) भिजवलेल्या स्वॅबनं पुसला, पुन्हा मोजलं: २.४ सेकंद, २.७ सेकंद, ऑफसेट −६ व्होल्ट.

पुसण्याआधी त्या हवेत अर्थ नसलेला एखादा धातूचा भाग ठेवला असता, तर तोही उणे चार्ज होत गेला असता. चार्ज घालवायला आणलेलं यंत्रच चार्ज देत होतं. रिस्ट स्ट्रॅप, म्हणजे मनगटाला बांधून अर्थला जोडायचा पट्टा, इथे कामाचा नाही, तो माणसाचा चार्ज उतरवतो. आणि माणसाला झटका जाणवतो साधारण ३००० व्होल्टच्या पुढे, त्यामुळे तक्रारही कुणाकडून येणार नाही. म्हणून या टेस्टसाठी मी इतका हट्ट धरतो.

आता खर्चाचं. तुमच्याकडे फील्डमीटर, म्हणजे न टेकवता चार्जचे व्होल्ट दाखवणारं हातातलं मीटर, आहेच. त्याला लावायची छोटी प्लेट आणि चार्जर मिळतो. प्लेट लहान असल्यानं तिचे सेकंद मोठ्या प्लेटच्या सेकंदांशी ताडून बघू नका. पण तेच मीटर, तीच जागा, पंख्याचा तोच वेग ठेवलात तर मागच्या वेळेपेक्षा किती बिघडलंय ते स्वच्छ दिसतं. टेबलावरचे ट्रे, पिशव्या आधी बाजूला करा, नाहीतर रीडिंग भरकटतं.

तीन महिने हा काही कायदा नाही, तो काळ आपणच ठरवायचा. सोल्डरिंगच्या धुराजवळच्या टेबलांना आम्ही महिन्यावर आणलंय. तुमची रीडिंग सलग तीन-चार वेळा जागची हलली नाहीत, तर तुम्ही खुशाल लांबवा.

एक मात्र नक्की पाळा: आधी मोजा, मग सुया पुसा. आधी पुसलंत तर गेले तीन महिने माल कसल्या हवेत बनला, ते कधीच कळणार नाही.

या आठवड्यात एका टेबलावर करून बघा आणि आकडे इथेच लिहा. दोन्ही बाजूंचे सेकंद आणि ऑफसेट, पुसण्याआधीचे.