हाताला वळण आहे हो तुझ्या!

बारशाला चांदीचे वाळे न्यावेत आणि मोकळं व्हावं. हा शहाणा मार्ग सोडून मी मित्राच्या लेकीसाठी दुपटं शिवलं. आजीच्या जुन्या सुती लुगड्याचं, मध्ये मलमलचा थर, कडेपासून आत आत जाणारा धावदोरा. रविवारी ते दिलं, आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे.

बारशात आत्यांचं राज्य असतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. इथे तर बाळाच्या बापाची आत्या हजर होती, म्हणजे साक्षात राजमाता. बायका पाळण्याखालून बाळ देत होत्या, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' चाललं होतं, तेवढ्यात आत्याबाईंची नजर पिशवीतून डोकावणाऱ्या दुपट्यावर गेली. "थांबा गं जरा!" गोपाळ अर्ध्यावर अडकला. आत्याबाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, कापड चिमटीत धरलं आणि माझ्या बायकोकडे बघून म्हणाल्या, "हाताला वळण आहे हो तुझ्या!"

माझी बायको बटण तुटलं की शर्ट बदलते. ती नुसती गोड हसली.

"आत्या, ते मी शिवलंय," मी म्हणालो.

"तू? बरं, मशीन चालवलंस होय!"

"मशीन नाही. हातानं."

"म्हणजे तू कापड ताणून धरलंस."

"सुई मीच धरली होती."

आत्याबाईंनी एकदा मला आणि एकदा दुपट्याला पाहिलं, मग दुपटं उलटं केलं. "तरीच! इथे टाके तिरके गेलेत. आणि ही गाठ बघ, बाहेर! गाठ पदरांच्या आत दडवायची असते. बाळाला टोचली म्हणजे?"

"ती गाठ नाही, आत्या. लुगड्याच्या विणीतच तेवढं सूत जाड आहे."

"मला शिकवतोस?" मग बायकोकडे वळून, "तू नाही का गं लक्ष द्यायचं?"

म्हणजे सरळ टाके हिचे, तिरके माझे, आणि तिरक्यांवर देखरेख न केल्याचा ठपका पुन्हा हिच्यावर. इथे बायकोचं हसू मावळलं. मला तेवढंच समाधान.

गाठ लपवायची हे मला ठाऊक नसेल? आजी गोधडी शिवायला बसली की सुईत दोरा ओवायचं खातं माझ्याकडे असायचं. दोऱ्याचं टोक ओठांत भिजवायचं, फार लांब दोरा घ्यायचा नाही, नाहीतर गुंता होतो. ती टाके घालायची, मी ओवायचो. शाळेत काय शिकलो ते विसरलो, हे राहिलं. सामानासाठी बोहरी आळीत गेलो तिथेही तेच. सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हा उफराटा न्याय कुणी केला ते त्या दुकानदाराला विचारावं म्हटलं, तर त्यानेच मला विचारलं, "अंगुस्तान मॅडमच्या बोटाला बसेल ना?" मी स्वतःचं बोट पुढे केलं. तो ते बोट बाजूला सारून म्हणाला, "अंदाजानं देतो."

गंमत म्हणजे ब्लाउज शिवायला लक्ष्मी रोडवर जा, कापड बेतणारा बहुतेक ठिकाणी पुरुषच दिसेल, आणि त्याला सगळे 'मास्तर' म्हणतील. शिलाईचे पैसे मिळत असले की ती पुरुषाची विद्या, फुकट करायची असली की बाईच्या हाताचं वळण. माझ्या आजीला कुणी मास्तर म्हटल्याचं मला आठवत नाही. घरभर तिच्या गोधड्या होत्या, आणि ती शिवायला बसली की सगळे म्हणायचे, "हिला काय, वेळ जात नाही." आता तसल्याच गोधड्या काचेमागे टांगून विकतात. किमतीची चिठ्ठी बघून मी त्या दुकानातून पाणी न पिता बाहेर पडलो होतो.

असो. बाळ त्या दुपट्यावर लगेच निर्धास्त ओलं झालं. तिथे हजर असलेल्यांत रसिक तेवढं तेच.

निघताना आत्याबाईंनी नंबर घेतला, अर्थात बायकोचा. काल तिला निरोप आला: धाकट्या पुतणीकडेही गोड बातमी आहे, दोन कुंच्या शिवून दे, खण पाठवलाय, शिलाईचं काय, घरचंच आहे, फक्त ह्याला हात लावू देऊ नकोस.

खण आलाय. अस्तर पाठवलेलं नाही, ते मलाच आणावं लागणार.