बाबांच्या मेंदूचं वय फोनवर ठरवू नका

गेल्या सोमवारी बाबांनी स्कूटरची किल्ली खुंटीला अडकवली आणि चालत दुकानाला निघाले. बेळगावात शहापूरहून गणपत गल्ली तरण्या माणसाला जवळ असेल, गुडघे धरलेल्या ६८ वर्षांच्या माणसाला नाही. विचारलं तर म्हणाले, "मेंदू म्हातारा झालाय गं माझा. फोनमध्येच आलंय."

भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेलं फॉरवर्ड होतं ते. दोन दिवसांत तेच मला आत्याने पाठवलं, मग निपाणीच्या मावशीने. त्यात एक खेळ आहे : पडद्यावर चार रंगांचे चौकोन, वर हिंदीत एका रंगाचं नाव येतं, तो चौकोन पटकन दाबायचा. खाली ठोकून लिहिलंय की २५० मिलिसेकंदांच्या (म्हणजे पाव सेकंदाच्या) आत दाबलं तर मेंदू तरुण. ३०० च्या वर गेलं तर स्मृतिभ्रंश सुरू झाला, गाडी चालवू नका. घरात एक आणि बाहेर दुसरी भाषा बोलणाऱ्यांचा मेंदू मंदावतो. आणि हाच खेळ रोज दहा मिनिटं खेळलात की मेंदू दहा वर्षांनी तरुण होतो. बाबांचा आकडा आला ७१२.

आधी त्या २५० चं बघू, कारण सगळी भीती त्याच आकड्याने घातलीय. समोर एकच दिवा आहे, हाताखाली एकच बटण आहे, दिवा लागला की दाबायचं, याला साधी प्रतिक्रिया म्हणतात. पाव सेकंद किंवा त्याहून थोडं कमी, हा आकडा तिथला. चारांतून एक ओळखून त्याचंच बटण दाबायचं ही निवडीची प्रतिक्रिया. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दुसरीला जास्त वेळ लागतो, हे डोंडर्स नावाच्या डच शास्त्रज्ञाने १८६८ सालीच मोजून दाखवलं. १८८५ मध्ये मेर्केल नावाच्या संशोधकाने एकापासून दहापर्यंत पर्याय वाढवत नेले. एका पर्यायाला १८७ मिलिसेकंद लागले, दोनाला ३१६, चाराला ४३४, दहाला ६२२. पुढे १९५२ साली हिक नावाच्या संशोधकाने दहा दिवे आणि दहा बटणं घेऊन यातला नियम मांडला : पर्याय दुप्पट झाले की वेळ साधारण ठरावीक मापानेच वाढतो. म्हणजे प्रयोगशाळेत, प्रत्येक बोट आपापल्या बटणावर टेकवून बसलेल्या माणसांनाही चार पर्यायांना ४३४ लागले. आणि हे फॉरवर्ड बेळगावातल्या आजोबांकडून २५० मागतंय! एका बटणाची पट्टी चार बटणांना लावलीय, एवढीच यातली करामत, आणि तिच्यापायी माणसं घाबरून घरी बसतायत.

बाबा कसे खेळत होते तेही मी बघितलंय. डाव्या हातात फोन, चष्मा कपाळावर, आणि उजव्या हाताचं एकच बोट चार चौकोनांवर फिरतंय. हिंदी नाव वाचायचं, चौकोन शोधायचा, बोट तिथवर न्यायचं, आणि फोनचा पडदा स्पर्श ओळखायला स्वतःचा वेळ घेतो तो वेगळाच. दुसऱ्या दिवशी मी फोन टेबलावर ठेवला, चष्मा डोळ्यांवर आणला, चार बोटं चार चौकोनांच्या वर धरायला लावली आणि वीसेक वेळा सराव करू दिला. आकडा ५४० वर आला. एका रात्रीत मेंदू काही बदलला नव्हता, बदलली होती ती मांडणी. चार शेगड्यांचा नवा गॅस घरात आला की आठवडाभर आपण चुकीचंच बटण फिरवतो, तसलंच हे.

गाडीचं तर बोलायलाच नको. रस्त्यावर पुढचं किती अंतरापर्यंत दिसलं पाहिजे याचा हिशेब करताना इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था चालकाला बघून, समजून, ब्रेक दाबायला २.५ सेकंद धरते. अडीच सेकंद! आपल्या दारावरून जाणाऱ्या पुणे-बेंगळुरू महामार्गासारखे रस्ते ज्या हिशेबाने आखतात, त्यात ३०० मिलिसेकंदांना गाडी सोडायला लावणारा हा कोण?

भाषेचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. सीमाभागात हे लिहून पाठवायचं म्हणजे इथल्या घराघरातल्या पोरांना मंद ठरवायचं. दुकानात गिऱ्हाईक कन्नडमध्ये विचारतं, "एष्ट्री?" (केवढ्याला?) बाबा "नूर ऐवत्त री" (दीडशे) म्हणतात, आणि त्याच श्वासात पोऱ्याला "वरच्या कप्प्यातला निळा काढ रे" सांगतात. त्यात अडखळलेले मी कधी बघितले नाहीत. अर्धं खरं आहे ते मान्य करते : एका भाषेतून दुसरीत जाताना थोडा वेळ जातो. म्यूटर आणि अॅलपोर्ट या संशोधकांनी १९९९ मध्ये लोकांना कधी एका, कधी दुसऱ्या भाषेत आकडे म्हणायला लावले, तेव्हा भाषा बदलताना सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास उशीर झाला. गंमत म्हणजे आपल्या पक्क्या भाषेत परतताना तो जास्त होता. पण हा भाषा बदलण्याचा क्षणापुरता खर्च आहे. त्यावरून मेंदू मंदावला म्हणणं म्हणजे वळणावर गाडी हळू होते म्हणून इंजिन बिघडलं म्हणण्यासारखं.

वयाचंही थोडं खरं आहे, नाइलाजाने का होईना कबूल करायला हवं. ब्रिटनमधल्या ७,१३० प्रौढांच्या आकड्यांवर डेर आणि डियरी या संशोधकांनी २००६ मध्ये अभ्यास केला. साधी प्रतिक्रिया पन्नाशीपर्यंत फारशी मंदावत नाही, निवडीची मात्र तरुणपणापासून हळूहळू मंदावत जाते आणि दर खेपेला कमीजास्तही व्हायला लागते. म्हणजे ती सगळ्यांचीच मंदावते. त्याला रोग म्हणत नाहीत, आणि रात्री झोप झाली नसेल तर पंचविशीतल्या पोराचाही आकडा ढासळतो.

राहिला दहा मिनिटांचा खेळ. सरावाने वेळ कमी होतो, नक्कीच. हजारो वेळा तेच करून दोन आणि चार पर्यायांतला फरक मिटवलेलं माणूसही शास्त्रज्ञांनी पाहिलंय. पण सुधारतो तो तोच खेळ. विसरभोळेपणा खरंच वाढला असेल, रोजच्या वाटेवर माणूस चुकत असेल, तर डॉक्टरकडे जा. ते फोनच्या चौकोनांत दिसत नाही.

हे सगळं मी बाबांना दोनदा समजावलं, मंडळाच्या ग्रुपवरही टाकलं. किल्ली अजून खुंटीलाच आहे. "पाऊस उघडू दे, मग बघू," म्हणतात. बेळगावच्या पावसात चाळीस वर्षं रेनकोट घालून स्कूटर चालवलेल्या माणसाने पावसाचं कारण सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.