आवाज मागून चिकटवत नाहीत, भो!

'कार्टूनला आवाज देणाऱ्यांचं कौतुक आता बंद करा' अशा मथळ्याचा एक मजकूर सध्या जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर जोरात फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: चित्रं आधीच तयार असतात, हे लोक एसीत बसून कागद वाचतात. चेहरा दिसत नाही, मग अभिनय कसला? गाणी तर दुसरेच गातात. आणि एवढ्याशा कामाचे कोट्यवधी घेतात. खाली अंगठ्यांची रांग, आणि एकाची प्रतिक्रिया: 'त्यामा काय शे भो!' (अहिराणीत, त्यात काय आहे भाऊ!)

सोबत फोटो डकवलाय १९९१ च्या 'ब्यूटी अँड द बीस्ट' या डिस्नेच्या कार्टून सिनेमाचा. लिहिणाऱ्याने हाच सिनेमा निवडला हे बरं झालं. त्याचे बहुतेक मुद्दे खोडायला हा एकटा पुरतो.

'चित्रं आधी, आवाज नंतर' हे साफ उलटं आहे. अशा सिनेमात आधी कच्च्या रेखाटनांवर गोष्ट बसवतात, मग संवाद आणि गाणी रेकॉर्ड होतात, आणि तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकत चित्रकार पात्राचे ओठ, भुवया, खांदे हलवतो. रेकॉर्डिंगच्या वेळी कलाकाराचं व्हिडिओ शूटिंगही करतात, कारण बोलताना माणूस हात कसे करतो, मान कुठे वळवतो हे चित्रकाराला हवं असतं. नायिका बेल, तिचा आवाज पेज ओ'हारा यांचा. गाताना तोंडावर आलेले केस मागे सारायची त्यांची सवय चित्रकारांनी उचलली. आता सिनेमा पुन्हा लावा आणि बेलच्या कपाळावरून घरंगळणाऱ्या त्या बटेवर नजर ठेवा.

चिपचा किस्सा तर याहून बोलका. चिप म्हणजे सिनेमातला तो टवका उडालेला, बोलणारा छोटा कप. सुरुवातीला त्याच्या वाट्याला फार काही नव्हतं. पण ब्रॅडली पियर्स या पोराचा आवाज निर्मात्यांना इतका भावला की कपाचं काम वाढवलं, आणि एका संगीतपेटीचं पात्र योजलं होतं ते काढूनच टाकलं. चित्रं आधी तयार असती, तर एका पोराच्या आवाजावरून अख्खं पात्र गेलं कसं?

गैरसमज कुठून येतो तेही उघड आहे. आपण बहुतेक जण हे सिनेमे हिंदी डबमध्ये पाहतो, आणि तिथे मात्र चित्र खरंच आधी असतं. पण म्हणून ते काम सोपं होतं का? हे निदान खान्देशात तरी कुणाला सांगायला लागू नये. हिंदी सिनेमाच्या तुकड्यांवर अहिराणी संवाद चढवलेल्या क्लिपा आपल्याकडे आजोबांपासून नातवापर्यंत सगळे पाहतात. (वर अंगठे देणारेही पाहत असणार.) पडद्यावर ओठ मिटले की तिथे प, ब, म असलं काही यावं लागतं. वाक्य जरा लांबलं की नटाचं तोंड बंद आणि आवाज चालूच. क्लिप बिघडते ती तिथे, विनोद कितीही फर्मास असो. डबिंग करणारा हे सांभाळून वर राग, लाजही आणतो.

'चेहरा दिसत नाही म्हणून अभिनय नाही' हे जळगाव आकाशवाणीवर श्रुतिका ऐकत वाढलेल्या माणसाला ऐकवून बघा, काय उत्तर मिळतं ते. बीस्ट म्हणजे शापाने जनावर झालेला राजपुत्र, त्याचा आवाज रॉबी बेन्सन यांचा. त्यात बिबटे-सिंहांची गुरगुर मिसळली आहे. गुरगुर मशीनवर मिसळता येते, पण ओरडून झाल्यावर त्या आवाजात येणारी शरम बेन्सन यांचीच. आणि नुसता कागद वाचणारे? कॉग्सवर्थ हे घड्याळ आणि निवेदक, दोन्ही डेव्हिड ऑग्डेन स्टायर्स. बेलला काय भेट द्यावी असं बीस्ट विचारतो तेव्हा घड्याळ सुचवतं: फुलं, चॉकलेटं, आणि न पाळायची वचनं. सिनेमातला हा सगळ्यात गाजलेला विनोद कागदावर नव्हता, स्टायर्स यांनी तो आयत्या वेळी टाकला.

गाण्यांचं म्हणाल तर या सिनेमात कलाकार स्वतः गायलेत, आणि तेही वाद्यवृंदासोबत एकत्र, रंगमंचावर गावं तसं. चहाच्या किटलीला, म्हणजे मिसेस पॉट्सला, आवाज देणाऱ्या अँजेला लॅन्सबरी तेव्हा पासष्टीच्या घरात होत्या. मुख्य गाणं आपल्या आवाजाचं नाही असं त्यांचं मत. निदान हाताशी असावं म्हणून एकदा गा, अशी गळ घातल्यावर त्या गायल्या, आणि एका टेकमधलं तेच गाणं सिनेमात आहे. हां, १९९२ च्या 'अलादीन'मध्ये नायिका जास्मिन बोलते लिंडा लार्किन यांच्या आवाजात आणि गाते लिया सलोंगा यांच्या. एवढ्यापुरता मजकूर खरा. पण ज्यांची हयात लताबाईंच्या आवाजावर ओठ हलवणाऱ्या नायिका पाहण्यात गेली, त्यांनी या गोष्टीवरून नाक मुरडावं हे अजबच.

राहिले कोट्यवधी. नामवंत स्टारला मोठा आकडा मिळतो, पण तो नावाचा भाव असतो. हिंदी डबलाही पोस्टरवर झळकावं म्हणून स्टार घेतात. बाकीच्यांची नावं शेवटी येतात, तोवर आपण पार्किंगमध्ये गाडीची चावी चाचपत असतो. १९३७ च्या 'स्नो व्हाइट'मध्ये अॅड्रियाना कॅसेलोटी यांच्या वाट्याला तेही आलं नाही. नायिकेचं बोलणं त्यांचं, गाणं त्यांचं. मिळाले ९७० डॉलर, आणि पडद्यावर नाव कुठेच नाही. डिस्नेने त्यांना 'लेजंड' हा सन्मान दिला तो १९९४ साली, तब्बल ५७ वर्षांनी.