बाळंतपणाच्या रजेवरून परतणाऱ्यांसाठी काही नम्र सूचना

सव्वीस आठवडे घरी बसून पगार खाल्लात, आता कामावर येताय. अभिनंदन! गेल्या आठवड्यात माझं अप्रेझल झालं. त्यात साहेबांनी जे ज्ञानकण माझ्या पदरात टाकले, ते एकटीनेच पचवणं बरं नव्हे, म्हणून हा खटाटोप.

"सुट्टी कशी झाली?" असं कुणी विचारलं, तर "मस्त, छान आराम झाला" म्हणायचं. टाके, जागरणं असले विषय काढायचे नाहीत. विचारणारा नुकताच गोव्याहून आलेला असतो, त्याचा हिरमोड होतो.

आपली जुनी खुर्ची शोधू नका.

जुनं कामही मागू नका. टीम सांभाळत होतात, आता दुसऱ्यांच्या रिपोर्टांचे रकाने सरळ करा. हा बदल 'तुझ्या सोयीसाठीच' असतो. रजेवर आहे किंवा होती म्हणून बाईच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या करता येत नाहीत, हे 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात होतं आणि आता त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. पण एचआरसमोर 'कायदा' हा शब्द उच्चारू नये. आपण सगळे एक कुटुंब आहोत ना!

पाळणाघराचं विचाराल, तर 50 किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असली की ते हवंच, शिवाय दिवसातून चारदा बाळाकडे जायची मुभा, असं 2017 च्या दुरुस्तीने सांगितलं. आमच्याकडे टेबल टेनिसचं टेबल आहे.

आता दूध. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त रोज दोन ब्रेक मिळतात. घ्या की! कुठे बसून, ते विचारू नका. मला स्टोअररूम दाखवली. मोडके मॉनिटर, गणपतीचं मखर आणि मी. दाराला आतून कडी नाही, म्हणून दाराला पाठ टेकून पंप लावायचा आणि बाहेरून कुणी ढकललं की "आहे, आहे" असं ओरडायचं. मग ती बाटली फ्रीजमध्ये ठेवली, तर तिच्यावर चिठ्ठी: 'कृपया वैयक्तिक वस्तू ठेवू नयेत'. शेजारी कुणाचं तरी आठवड्यापूर्वीचं पनीर नांदतंय, त्याला चिठ्ठी नाही! आणि याच स्टोअररूमबाहेरच्या भिंतीवर आठ मार्चचं पोस्टर अजून आहे. कोण आहे त्यावर? हिरकणी. तान्ह्या बाळासाठी रायगडाचा कडा उतरलेली. अहो, दरवाजे बंद होते म्हणून तिला कडा उतरावा लागला! ज्या एसटीच्या खिडकीची काच धड सरकत नाही, त्या एसटीला स्टँडवर हिरकणी कक्ष करायचं सुचलं. तिथेही कित्येकदा कुलूप असतं म्हणा. तुम्हाला काचेच्या इमारतीत एक कडी बसवता येईना?

रेटिंग कमी आलं, तर हसून सही करा. "सहा महिने तुझं काम दिसलंच नाही," इति साहेब. कसं दिसेल?

नाही जमत मला आता हे नम्र सूचनांचं सोंग. साहेब, रजा हा तुमचा उपकार नव्हता. पगाराचा सगळा भार कंपनीवर येतो, ईएसआय या सरकारी कामगार विमा योजनेच्या बाहेरच्यांसाठी सरकार वाटा उचलत नाही, ही तुमची तक्रार खरी आहे. मग ती सरकारदरबारी करा ना. माझ्या रेटिंगमधून वसुली कसली करता? मुलाखतीला आलेल्या मुलींना "लग्न कधी?" विचारून आधीच गाळता, ते आम्हाला कळत नाही असं वाटतं?

आणि आपल्याच मजल्यावर झाडलोट करणाऱ्या ताई? त्या बाळंतपणाला गेल्या आणि ठेकेदाराने दुसरी बाई आणली. रोजंदारीवरच्या बायकांनाही हा हक्क आहे, असं दिल्ली महापालिकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2000 मध्येच सांगितलंय. तुम्ही साधी चौकशी केलीत? आधी त्या ठेकेदाराला फोन लावा. पोस्टरं मग छापा.